चमत्कारिक

काल सकाळी फ्रिज उघडून बायको म्हणाली, "या भाजीला चमत्कारिक वास येतोय." भाजी ओल्या कचऱ्यात गेली, शब्द मात्र दिवसभर डोक्यात राहिला. चमत्कार म्हटलं की आपण हात जोडतो आणि चमत्कारिक म्हटलं की नाक मुरडतो. एका 'इक'पायी एवढी पत घालवलेला दुसरा शब्द मला तरी आठवत नाही. ज्ञानोबांची भिंत चालली, तो चमत्कार. वरच्या मजल्यावरचे काका रात्री दोन वाजता कुंड्यांना पाणी घालतात, ते चमत्कारिक. (उद्या आमच्या सोसायटीत एखादा रेडा वेद म्हणू लागला, तर त्याला या दोन्हींपैकी कुठे बसवतील, याची मला शंकाच आहे.)

'चमत्' हा संस्कृतातला आश्चर्याचा उद्गार. आपल्या 'अय्या'चा लांबचा नातेवाईक म्हणा. म्हणजे चमत्कार घडतो तो बघणाऱ्याच्या तोंडून. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1748 मध्ये चमत्काराची व्याख्या केली ती 'निसर्गनियमाचा भंग' अशी. त्यात पोलीस ठाण्यात नोंद केल्यासारखा सूर आहे. आपल्या शब्दात नियमही नाही आणि भंगही नाही. संस्कृत काव्यशास्त्रकार जगन्नाथ पंडितांना तर चांगली कविता ऐकून होणाऱ्या आनंदातही चमत्कार दिसला. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यातल्या गुन्ह्यांच्या यादीत मात्र हा शब्द 'तथाकथित' लावून येतो, आणि तिथे ते योग्यच आहे. भोंदूबाबांनी या शब्दाचे जे हाल केलेत, ते त्या 'इक'नेही केले नव्हते.

एक चमत्कार मीही रांगेत उभं राहून पाहिलाय. 21 सप्टेंबर 1995, गुरुवार. गणपती दूध पितोय ही बातमी मोबाइल नसतानाही दुपारपर्यंत देशभर झाली होती. मी आजीबरोबर वाटी-चमचा घेऊन देवळात गेलो. सोंडेला चमचा टेकवला आणि दूध खरंच कमी झालं! माझ्या अंगावर काटा आला. पायाखालची फरशी ओली का आहे, हा प्रश्न मला पडला नाही.

बाबांना पडला. ते शाळेत विज्ञान शिकवायचे. घरी आल्या आल्या त्यांनी आम्हाला समोर बसवलं. चमचा काठोकाठ भरून मूर्तीला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली ओघळतं, म्हणून दिसत नाही. (दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून हेच दाखवलं होतं.) बाबांनी डब्यातली सुपारी काढली आणि चमचा टेकवला. दूध हळूहळू उतरलं.

"बघ आई, सुपारीसुद्धा पिते!"

"पिणारच," आजी म्हणाली. "पूजेत गणपती म्हणून आपण सुपारीच मांडतो ना रे?"

बाबांनी तांब्या घेतला. तोही प्यायला. आजी म्हणाली, "कलशच तो." वरवंटा घेतला. बारशाला त्याला कुंची घालून पाळण्यात ठेवतात, याची आजीने आठवण करून दिली. आमच्या घरात देवपण न चिकटलेली एकही वस्तू नाही, हे बाबांच्या तेव्हा प्रथमच लक्षात आलं असावं. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "अहो, ते दूध चहाचं आहे!" पण बाबा आता थांबणार नव्हते. वाटी घेऊन ते तरातरा अंगणात गेले, स्कूटरपुढे उकिडवे बसले आणि पुढच्या दिव्याच्या काचेला चमचा लावला.

"हिला दसऱ्याला हार कोण घालतं?" आजीने दारातून विचारलं.

बाबांनी मान वर केली नाही. हात हलू न देता ते चमच्यातल्या दुधाकडे बघत होते. तेवढ्यात देवळातून परतणारे शेजारचे आजोबा फाटकाशी थांबले. क्षणभर त्यांनी बाबांकडे पाहिलं, मग स्कूटरकडे. चपला काढून ते हलकेच आत आले आणि दबक्या आवाजात म्हणाले,

"पितेय का हो?"