स्टेंटरला कळतं का?

अकरावीच्या प्रॅक्टिकलला पॅरामेशियम हा एका पेशीचा जीव दाखवला की दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, त्याला कळतं का?" पॅरामेशियम हवेच्या बुडबुड्याला धडकतो, मागे सरकतो, जरासा वळून पुन्हा निघतो. धडकल्यावर पेशीत कॅल्शियम शिरतं आणि पक्ष्माभिका, म्हणजे अंगावरचे बारीक केस, उलट्या वल्हवू लागतात. उद्दीपन, प्रतिसाद, असं पुस्तक म्हणतं. इथपर्यंत पुस्तकाशी माझं भांडण नाही.

भांडण सुरू होतं स्टेंटरपाशी. हा डबक्यातला, कर्ण्याच्या आकाराचा, एका पेशीचा जीव. बुडखा पाणवनस्पतीला चिकटवून बसतो आणि तोंडाशी पाणी ओढून खातो. हर्बर्ट जेनिंग्ज या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानं त्याच्या तोंडावर कार्माइनची पूड सोडली (प्रॅक्टिकलला पेशी रंगवायच्या असिटोकार्माइनमधला लाल रंग तोच, किड्यांपासून काढलेला). स्टेंटर आधी नुसता बाजूला वाकला. पूड येतच राहिली, तेव्हा पक्ष्माभिका उलट्या फिरवून ती झटकली. तरी थांबेना, मग अंग आक्रसून घेतलं. आणि शेवटी बूड सोडून पोहत निघून गेला. पूड तीच, उत्तरं चार! जेनिंग्जनं 1906 साली हे पुस्तकात मांडलं. सगळं वागणं यांत्रिक ओढीनं समजावणारा जीवशास्त्रज्ञ जाक लोब तेव्हा जोरात होता.

पुढे 1967मध्ये हा प्रयोग पुन्हा केला, तो फसला. आणि फसणारच, कारण जातच दुसरी घेतली होती. स्टेंटर सेरुलियसला चिकटून बसण्यापेक्षा पोहायला आवडतं. पण निकाल लागला तो जेनिंग्जविरुद्ध, आणि तो बरीच वर्षं टिकला. मला याचा अजून राग येतो.

2019 साली हार्वर्डच्या जेरेमी गुणवर्धना यांच्या गटानं योग्य जात, स्टेंटर रोझेली, शोधून आणली आणि प्लास्टिकचे बारीक मणी तोंडावर सोडले. प्रत्येक पेशीची तऱ्हा वेगळी, पण एकत्र पाहिलं तर क्रम दिसला: वाकणं आणि झटकणं आधी, आक्रसणं किंवा सुटणं नंतर. आक्रसायचं की सुटायचं, हे मात्र नाणेफेकीसारखं, जवळपास निम्मं-निम्मं.

यंदा एका मुलानं इथेच पकडलं. "छापा-काटाच असेल तर अक्कल कुठे आली, मॅडम?" प्रश्न चोख आहे. माझं म्हणणं असं, की नाणं उडतं ते सोपे उपाय संपल्यावर. आधी काय करून झालंय याचा हिशेब त्या एकट्या पेशीत कुठेतरी राहतो, आणि हे पॅरामेशियमच्या धडकण्यात मला दिसत नाही. स्टेंटर विचार करतो असं मी म्हणणार नाही. ठरवतो, असं खुशाल म्हणते.