आमची वाटचाल : आधी पॉइंट, मग एसी

आमच्या वायरिंगच्या फर्मच्या लेटरहेडवर पहिल्या दिवसापासून एकच ओळ आहे, 'आधी पॉइंट, मग एसी'. नव्या पोरांना ती जाहिरात वाटते, पण ती आमची अट आहे. एसी कुठल्याही कंपनीचा घ्या, कुठूनही घ्या. खोकं घरात येण्याआधी भिंतीतला पॉइंट, म्हणजे सॉकेट आणि त्यामागची वायर, आम्ही उघडून बघणार. या अटीपायी गिऱ्हाइकं गेली, आणि जो माणूस ही अट पाळत नव्हता त्याच्यामुळे आमची फर्म जवळजवळ बुडाली.

सुरुवात दोघांची, मी आणि आमचे मिस्त्री. भांडवल म्हणजे पक्कड, टेस्टर, सिरीज लॅम्प आणि वायरीच्या टोकाला लग, म्हणजे धातूची टोपी, दाबून बसवायचा मिस्त्रींचा क्रिम्पिंग प्लायर. पहिल्या मोठ्या बिलातून वायरभोवती अडकवून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर घेतला, तेव्हा दोघंही तासभर दिसेल त्या वायरला तो लावत बसलो होतो. मिस्त्रींची एक सवय होती. स्क्रू आवळला की वायर दोन बोटांत धरून ओढायची. जरा हलली तरी पुन्हा सोलून, लग मारून बसवायची. मी हिशेब मांडायचो, की 8 अँपियरच्या जोडात अर्धा ओहम रोध राहिला तर 32 वॉट उष्णता, म्हणजे सॉकेटच्या पोटात सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं. मिस्त्री म्हणायचे, "तुमचं गणित बरोबर आहे, पण आधी वायर ओढा."

पुढची काही वर्षं कामं येत गेली, माणसं वाढली. मग ती इमारत आली.

सगळं वायरिंग आमचं. प्रत्येक बेडरूममध्ये एसीसाठी डीबीपासून (घरातल्या सगळ्या लाईन जिथून निघतात त्या पेटीपासून) थेट 4 ची, म्हणजे 4 चौरस मिलिमीटर जाडीची वायर, वेगळा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका), 16 अँपियरचा सॉकेट. दिवे-पंख्यांना दीडची वायर, 10 चा एमसीबी, वर 6 अँपियरचे पॉइंट. डीबीच्या दाराला आतून कोणता एमसीबी कुठे जातो आणि किती अँपियरचा, याचा तक्ता माझ्या अक्षरात.

एका घरात मालकांना एसी दुसऱ्या भिंतीवर हवा होता. आमच्याच लाईनमधल्या एका प्रतिस्पर्ध्याने 'फिटिंग फुकट' म्हणून काम घेतलं. त्या भिंतीवर 6 अँपियरचाच पॉइंट. त्याच्या माणसाने कन्व्हर्जन प्लग लावला, म्हणजे 16 चा प्लग 6 च्या सॉकेटात बसवणारा जोड. आता हे ज्याला कळतं त्याला सांगायला नको, की 6 च्या प्लगची फेज-न्यूट्रल पिन 5.1 मिलिमीटर जाड आणि 16 च्या प्लगची 7.1. मोठी पिन छोट्या सॉकेटात जाऊ नये म्हणूनच ती मोठी केलेली आहे. कन्व्हर्जन प्लग म्हणजे त्या अडसराला मारलेली पाचर. एसी 1.5 टनाचा, जुन्या पद्धतीचा, चालताना 8-9 अँपियर आणि कॉम्प्रेसर उचलताना त्याच्या कितीतरी पट. त्याच लाईनवर इस्त्री. 10 चा एमसीबी पडायला लागला, तर त्याने तिथे 32 चा बसवला! एमसीबी वायरला वाचवतो. वायर दीडचीच ठेवून तो मोठा केला, तर वाचवायला कोण उरलं?

पुढच्या उन्हाळ्यात तो बोर्ड जळाला. माणसं बचावली, पण भिंत छतापर्यंत काळी. आणि प्रतिस्पर्धी सांगत सुटला, "वायरिंगच कच्चं होतं." वायरिंग आमचं, म्हणून बोट आमच्याकडे. कमिटीने बिल अडवलं, वायरवाल्याने उधारी बंद केली, चालू असलेली दोन कामं काढून घेतली. पगार द्यायला मी घरातलं सोनं ठेवलं. मिस्त्रींनी चार महिने स्वतःचा हिस्सा उचलला नाही, आणि त्याबद्दल कधी बोललेही नाहीत.

आम्हाला सोडवलं ते त्याच इमारतीतल्या एका बाईंनी. आमचं पहिलं एसीचं काम त्यांच्या जुन्या घरातलं. त्यांनी कमिटीच्या अध्यक्षांना आधी स्वतःच्या डीबीसमोर उभं केलं, मग जळालेल्या घरातल्या. दोन्हीकडे तक्ता तोच, तिसऱ्या एमसीबीपुढे '10' लिहिलेलं. एका ठिकाणी 10 चा होता, दुसऱ्या ठिकाणी 32 चा. बाई एवढंच म्हणाल्या, "अक्षर यांचं आहे, एमसीबी यांचा नाही." बोटं खाली गेली. पण बिल अर्धंच मिळालं, आणि ज्याने ते केलं त्याने आजतागायत चूक कबूल केलेली नाही.

म्हणून सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी. एसीच्या पाटीवरचा कमाल करंट वाचा आणि मग सॉकेटकडे बघा. मोठ्या मशीनला 20 अँपियरचा एसी बॉक्सच, म्हणजे सॉकेट आणि एमसीबी एकत्र असलेली पेटी, लावा. स्टॅबिलायझर बारीक वायरवरचा इलाज नाही. भिंतीत 180 व्होल्ट येत असतील आणि तो 220 करून 8 अँपियर देत असेल, तर भिंतीतून तो जवळजवळ 10 ओढतो. म्हणजे वायरवरचा भार वाढलाच. साध्या कॉम्प्रेसरचा उठण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, 230 ऐवजी 170 मिळाले तर निम्म्याच्या जरा वर. मशीन घुरघुरतं, उठत नाही, आणि दुरुस्तीला आलेला माणूस गॅस भरायला सांगतो. इन्व्हर्टर एसी असेल तर तो किती व्होल्टपर्यंत चालतो ते त्याच्यावर लिहिलेलं असतं. ते वाचून मगच स्टॅबिलायझरचं बघा.

एकांनी परदेशातून विंडो एसी आणला होता, 115 व्होल्ट, 60 हर्ट्झ (विजेची सेकंदाला 60 आवर्तनं), चपट्या पिनांचा. ट्रान्सफॉर्मर लावून द्या म्हणाले. आम्ही नाही म्हटलं. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ नाही; आपल्याकडच्या 50 वर ती मोटर मूळ वेगाच्या सहातल्या पाच हिश्श्यांनीच फिरणार आणि जास्त तापणार. ते रागावून गेले. ते काम कोणी केलं, याचा अंदाज मला आहे.

मिस्त्री आता कामावर येत नाहीत. त्यांचा प्लायर माझ्या टेबलाच्या खणात असतो, पोरांना मी तो देत नाही. बाईंच्या घरात गेल्या महिन्यात तिसरा एसी बसवला. सॉकेट आम्ही पहिल्यांदा लावलेलाच. उघडून बघितला, तिन्ही स्क्रूंवर काळा डाग नाही. तरी वायर दोन बोटांत धरून ओढून बघितलीच.