डक्टमधून येणारा धूर

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत सिगरेटचा विषय निघालाय. कोणीतरी जिन्यातल्या थोटकांचा फोटो टाकला, त्यावर लगेच दुसऱ्या विंगमधल्या भाड्याने राहणाऱ्या मुलांचं नाव आलं, मग संस्कार आले, मग "माझ्या घरात मी काय करायचं ते मी ठरवणार" आलं आणि रात्रीपर्यंत दोन जण ग्रुप सोडून गेले. ग्रुपवर एवढं मोठं कोणी वाचत नाही म्हणून इथे लिहितेय, आणि हे मनापासून लिहितेय कारण आमच्या घरात एक माणूस असा आहे की ज्याच्यासाठी हा वादाचा विषय नाहीये, रोजच्या श्वासाचा आहे.

माझे सासरे. त्यांनी आयुष्यात कधी विडीसुद्धा ओढली नाही, पण कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत नोकरी केली, उमेदीची सगळी वर्षं धुळीत आणि भट्टीसमोर गेली, आणि आता सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसून धाप लागण्याचा फुफ्फुसांचा आजार. सीओपीडी म्हटलं की लोक पहिलं विचारतात, खूप ओढायचे का हो? नाही ओढायचे. आपल्याकडे चुलीचा धूर खाल्लेल्या कितीतरी बायकांनाही तोच आजार असतो. तर बाबा आता आमच्याकडे पुण्यात असतात, सकाळी इनहेलरचा पंप घेतात, थंडीत कधी कधी नेब्युलायझर लागतो, आणि त्यांना खोकल्याची उबळ यायची ती नेमकी सकाळी साडेसहाच्या आसपास, बाथरूमला जाऊन आले की. आधी कबुतरांवर संशय होता (कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांनी फुफ्फुसांना त्रास होतो हे पुण्यात राहणाऱ्यांना सांगायला नको), डक्टला जाळी लावून घेतली, फरक शून्य. मग एकदा सुट्टीच्या दिवशी मी त्या वेळेला जागी होते आणि बाथरूमचं दार उघडल्या उघडल्या वास आला. सिगरेटचा, अगदी ताजा.

आता हे डक्ट प्रकरण जरा नीट सांगते कारण निम्मी भांडणं हे न कळल्यामुळे होतात असं माझं मत आहे. आपल्या बहुतेक बिल्डिंगमध्ये एकावर एक असलेल्या सगळ्या फ्लॅटच्या संडास-बाथरूमच्या खिडक्या, त्या लूव्हरच्या काचावाल्या, एकाच उभ्या अरुंद डक्टमध्ये उघडतात. ड्रेनेजचे पाइप पण तिथूनच खाली जातात. खालच्या मजल्यावर कोणी सिगरेट ओढली आणि एक्झॉस्ट फॅन लावला की त्याच्या बाथरूममधला धूर जातो, त्याला वाटतं बाहेर गेला, पण बाहेर म्हणजे कुठे, तर डक्टमध्ये. गरम हवा वर चढते, डक्ट उभा असतो, वर आमची लूव्हर उघडी, आमचा फॅन बंद. झालं. म्हणजे ओढणाऱ्याचं बाथरूम दोन मिनिटांत स्वच्छ आणि वरच्या दोन-तीन मजल्यांना प्रसाद. थंडीत तर सकाळी हवा अशी थिजलेली असते की वास तासभर हलत नाही. आणि बाथरूममध्येच का ओढतात, तर सकाळी चहा आणि सिगरेटशिवाय पोट साफ होत नाही ही सवय आपल्याकडच्या किती पुरुषांना आहे ते प्रत्येक घरातल्या बाईला माहीत आहे.

खाली राहतात ते काका रिटायर्ड आहेत, सज्जन माणूस, गणपतीत आरतीला सगळ्यात पुढे, लॉकडाऊनमध्ये आमचं दूध त्यांनीच गेटवरून आणून दिलेलं. त्यांना जाऊन कसं सांगायचं हा खरा प्रश्न. नवरा म्हणाला कमिटीला मेल टाकू, मी म्हटलं मेल टाकला की ते तोंड बघणार नाहीत आपलं, आधी काकूंशी बोलते. तर काकूंनी मला आत नेलं आणि हळूच म्हणाल्या, "अगं, हॉलमध्ये ओढू नका, नातवाच्या अंगाला वास येतो म्हणून मीच त्यांना बाथरूममध्ये पाठवलं गं." मला काय बोलावं सुचेना. त्या बाईने तिच्या घरापुरता बरोबर विचार केला होता. तिने धूर घराबाहेर काढला आणि तो आमच्याकडे आला, यात कोणाची वाईट बुद्धी कुठे होती?

काकांना मात्र पटेना. "माझ्या बाथरूममधला धूर तुझ्याकडे कसा येईल, मी एक्झॉस्ट लावतो की." भांडायला नको म्हणून मी म्हटलं काका आपण उदबत्ती लावून बघू. त्यांच्या बाथरूममध्ये दोन उदबत्त्या लावल्या, फॅन चालू केला, दार लावून घेतलं आणि त्यांना घेऊन वर आले. आमच्या बाथरूममध्ये मोगऱ्याचा वास दरवळत होता. काका तिथे उभे राहिले, काही बोलले नाहीत, बाहेर येऊन बाबांच्या शेजारी बसले आणि विचारलं, "तुम्हाला रोज होतं का हो हे?" बाबा म्हणाले होतं, पण काय सांगणार, आपण पण म्हातारे ते पण म्हातारे. मला वाटतं त्या एका वाक्याने जे झालं ते कमिटीच्या कुठल्या नोटिशीने झालं नसतं.

काकांनी सिगरेट सोडलेली नाही, हे स्पष्ट सांगते. चाळीस वर्षांची सवय अशी सुटत नाही आणि सोडा म्हणायला मी गेलेच नव्हते. ते आता सकाळी खाली उतरतात आणि गेटबाहेर रस्त्यापलीकडे जाऊन ओढतात. पावसाळ्यात गुडघे दुखतात तेव्हा परत कधीतरी बाथरूम होतंच, पण मग काकूंचा मिस्ड कॉल येतो आणि आम्ही आमची लूव्हर लावून घेतो. बाबांचा आजार काही बरा झालेला नाही, सकाळची ती उबळ मात्र बरीच कमी झाली.

आता कायद्याचं, कारण ग्रुपवर दोन्ही बाजूंनी छातीठोकपणे चुकीचं लिहिलं जातंय. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंद करावं म्हणून सुप्रीम कोर्टात गेलेले काँग्रेसचे नेते मुरली देवरा आपल्या मुंबईचेच, त्यांच्या याचिकेवर नोव्हेंबर २००१ मध्ये कोर्टाने हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, लायब्ररी, कोर्ट, बस-रेल्वे अशा ठिकाणी बंदी घालायला सांगितलं. मग २००३ चा कोटपा, म्हणजे सिगरेट आणि तंबाखूच्या पदार्थांवरचा कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नवीन नियम, ज्यात ऑफिसं, मॉल, थिएटर सगळं आलं. दंड २०० रुपयांपर्यंत, तेव्हाही तेवढाच आणि आजही तेवढाच. ज्या जागेवर लोकांना जाता-येता येतं, हक्काने असो वा नसो, ती पब्लिक प्लेस असं कायद्यात आहे. आमच्या जिन्यात, लिफ्टमध्ये, लॉबीत दूधवाला, कुरिअरवाला, धुण्याभांड्याच्या मावशी, वॉचमन सगळे दिवसभर असतात, म्हणून आमच्या कमिटीने त्या जागा पब्लिक प्लेस धरून बोर्ड लावले, ते मला पूर्ण मान्य आहे. वॉचमनची तर ती कामाची जागा आहे, त्याच्या खुर्चीशेजारी उभं राहून ओढणाऱ्यांना तो बिचारा काय बोलणार, नोकरी जाईल त्याची.

पण फ्लॅटच्या आत? तिथे कोटपा थांबतो. स्वतःच्या घरात सिगरेट ओढणं गुन्हा नाही, त्यामुळे "पोलीस बोलवा" लिहिणाऱ्यांनी जरा थांबावं. पण "माझ्या घरात मी काहीही करीन" हेही खरं नाही, कारण सोसायटीच्या उपविधींमध्ये साफ लिहिलंय की सभासदाने आपल्या फ्लॅटमध्ये इतर सभासदांना उपद्रव, त्रास किंवा गैरसोय होईल असं काही करायचं नाही. वरच्या मजल्यावर पहाटे मिक्सर-ग्राइंडर, गळणारं बाथरूम, मोठ्याने लावलेला स्पीकर, या सगळ्याला आपण हेच कलम लावतो ना? मग धूर त्यात का नाही? घर तुमचं, हवा तुमच्या एकट्याची नाही.

हा त्रास मनाचा खेळ आहे असं एका साहेबांनी ग्रुपवर लिहिलंय, त्यांना सांगायचंय की सिगरेटच्या धुरात हजारो रसायनं असतात आणि त्यातली सत्तरेक कॅन्सर करणारी आहेत, आणि अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या मुख्य डॉक्टरने, २००६ च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय की दुसऱ्याच्या धुराची सुरक्षित अशी कुठलीही पातळी नाही. खिडकी उघडून, फॅन लावून तो पूर्ण जात नाही हेही त्यातच आहे. जगात दरवर्षी १० लाखांहून जास्त माणसं स्वतः न ओढता या धुराने मरतात. आणि गंमत नाही, गंभीरपणे सांगते, महाराष्ट्रात धूम्रपान करणारे तसे कमी आहेत. २०१६-१७ च्या सरकारी सर्वेक्षणात मोठ्या माणसांमध्ये जेमतेम ४ टक्के निघाले, आपल्याकडे खरा प्रश्न तंबाखू-मिश्रीचा, जवळपास चौथा हिस्सा लोक ती खातात किंवा लावतात. पण तंबाखूची चिमूट शेजाऱ्याच्या तोंडात जात नाही. सिगरेटचं तसं नाही, एका डक्टला एक माणूस पुरतो.

आता ज्याच्यासाठी मुख्य लिहायला बसले ते. मला ज्या पद्धतीने हा विषय भाडेकरू मुलांवर ढकलला जातोय त्याचा मनापासून राग येतो. आणि मुलींवर तर जास्तच. मागे एका विंगमध्ये तीन नोकरी करणाऱ्या मुली राहायच्या, त्यातली एक बाल्कनीत ओढायची. तक्रार काय आली? धुराची नाही. "लहान मुलांवर काय परिणाम होईल" अशी आली, तिच्या कपड्यांवर आली, रात्री किती वाजता येते यावर आली, घरमालकाला फोन गेले आणि महिन्याभरात मुलींनी घर सोडलं. त्याच विंगमध्ये टेरेसच्या दाराशी संध्याकाळी सभासद पुरुषांचा घोळका उभा राहून ओढतो, तो धूर शेवटच्या मजल्यावरच्या बाळंतिणीच्या घरात जातो, त्यावर आजपर्यंत कोणी एक ओळ लिहिलेली नाही. उपविधींनुसार फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, फक्त कळवायचं असतं, आणि भाडेकरू बॅचलर आहे म्हणून त्याला वेगळा नियम असं कुठेही नाही. जो त्रास आहे त्याच्याबद्दल बोला. माणसाच्या चारित्र्याचा पंचनामा सुरू केला की समोरचा सिगरेट विझवत नाही, फक्त दार लावून घेतो, आणि ज्याला खरंच दमा आहे त्याचा प्रश्न तिथेच राहतो.

बाहेरच्या देशात काय करतात ते वाचत बसले होते. अमेरिकेत सरकारी घरांमध्ये जुलै २०१८ पर्यंत घरातसुद्धा बंदी लागू झाली आणि इमारतीपासून २५ फुटांपर्यंत ओढायचं नाही. ते मला थोडं कडक वाटतं, कारण व्हीलचेअरवरचा म्हातारा माणूस २५ फूट कसा जाईल? सिंगापूरमध्ये जिने आणि कॉरिडॉर बंद, पण घरात चालतं, आणि बाल्कनी-खिडकीत बंदी घालावी यावर तिकडच्या संसदेत वाद झाले तरी सरकार तयार झालं नाही. मला सगळ्यात आवडलं ते जर्मनीचं. तिथे ब्रांडेनबुर्गमधल्या एका जोडप्याने खालच्या बाल्कनीतल्या धुराविरुद्ध केस केली, ती पार सर्वोच्च कोर्टात गेली, आणि २०१५ मध्ये कोर्टाने म्हटलं की दोघांनाही आपापल्या बाल्कनीचा हक्क आहे, धुराचा त्रास मोठा असेल तर वेळा वाटून घ्या, ठरलेल्या तासांत ओढायचं नाही. हे आपल्याला कोर्टात न जाता करता येण्यासारखं आहे, काकांबरोबर आम्ही जवळपास तेच केलं.

एक थोटकांचं राहिलं. वरून बाल्कनीतून फेकलेलं जळकं थोटूक आमच्या खालच्या मजल्यावरच्या कबुतरांच्या नायलॉन जाळीत अडकलं होतं आणि जाळीला मुठीएवढं भोक पडलं. आत दोरीवर कपडे वाळत होते. यात समजुतीने घ्या वगैरे मी म्हणणार नाही, कॅमेरा लावा आणि जो कोणी असेल, सभासद असो की भाडेकरू, त्याला लेखी नोटीस द्या.

तर येत्या वार्षिक सभेसाठी मी लेखी विषय दिलाय सेक्रेटरींकडे. जिना, लिफ्ट, लॉबी आणि टेरेसचं दार इथे पूर्ण बंदी, सगळ्यांना सारखी. गेटजवळ मागच्या बाजूला, जिथे वर कोणाची खिडकी येत नाही, तिथे वाळूची कुंडी ठेवून ओढायला जागा, आणि तिला थोडं छप्पर म्हणजे काकांसारख्यांना पावसात बाथरूममध्ये जावं लागणार नाही. डक्टच्या तोंडाशी टेरेसवर वाऱ्याने फिरून आतली हवा बाहेर ओढणारा टर्बो व्हेंटिलेटर बसवायचा, त्याचं कोटेशन मागवलंय. आणि फ्लॅटमधल्या धुराची तक्रार आली तर ग्रुपवर न टाकता कमिटीतल्या दोघांनी दोन्ही घरांत जाऊन, उदबत्ती लावून, धूर कुठून जातोय ते आधी बघायचं. ज्यांना पटतंय त्यांनी सभेला या, कोरम होत नाही दरवेळी आणि अर्ध्या तासाने तहकूब सभेत पाच जण बसून निर्णय घेतात. टर्बो व्हेंटिलेटर कोणी बसवला असेल तर त्याचा आवाज किती येतो तेवढं कळवा, वरच्या मजल्यावरचे तेच विचारणार आहेत.