अचानक आलेले खर्च अचानक नव्हतेच

तीन वर्षांपूर्वी नवऱ्याची नोकरी गेली. पाच महिन्यांनी दुसरी लागली, पण कमी पगाराची. दोघांची मिळून मिळकत जवळजवळ एक तृतीयांशाने खाली आली. मधले पाच महिने घर क्रेडिट कार्डावर चाललं होतं. नवा पगार सुरू झाला की सगळं रुळावर येईल अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही. वीस तारीख उलटली की ओढाताण सुरू व्हायची, आणि दर महिन्याला आमच्याकडे एक कारण तयार असायचं: या महिन्यात अचानक विमा आला, अचानक फी आली, अचानक टायर बदलावे लागले.

आकडे मी आमची नवी मासिक मिळकत १०० धरून सांगते, म्हणजे कोणालाही स्वतःच्या घराशी ताडून बघता येतील.

पहिले दोन महिने आम्ही जिथे दिसेल तिथे हात आखडला. मुलगी खोलीतून बाहेर पडली आणि दिवा चालू राहिला की मी तिच्यावर ओरडायचे. वीजबिलात मात्र काही फरक पडेना. मग एका रविवारी मी घरातल्या प्रत्येक उपकरणावरचे वॅट वाचून काढले. १००० वॅट एक तास चालले की १ युनिट होतं. आमचा गीझर २००० वॅटचा, म्हणजे अर्ध्या तासात १ युनिट. मुलीच्या खोलीतला दिवा ९ वॅटचा. त्याला तेवढी वीज खायला १११ तास लागतात. आणि गीझर रोज सकाळी तासभर चालूच असायचा, कारण तो बंद करणं हे कोणाचंच काम नव्हतं. मुलीला उगीच बोलले याचं मला फार वाईट वाटलं. पण त्याहून मोठी गोष्ट कळली ती ही, की आम्ही न मोजता काटकसर करत होतो.

म्हणून बँकेचं बारा महिन्यांचं स्टेटमेंट छापून आणलं. एकोणीस पानं होती. जेवणं झाल्यावर ती जमिनीवर पसरली आणि दोन रंगीत पेन्सिली घेऊन मी बसले. दर महिन्याला होणाऱ्या खर्चावर निळी खूण, वर्षातून एकदा-दोनदाच होणाऱ्यावर लाल. रात्री साडेअकराला लाल खुणा मोजल्या. १४ होत्या. शाळेची फी, गाडीचा विमा, आरोग्यविमा, घराचा कर, दोघांचे चष्मे, गाडीची सर्व्हिसिंग, सुट्टीतला प्रवास, वाढदिवस, असं बरंच काही. बेरीज आली १९२. म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांची सगळी मिळकत या लाल खुणांमध्ये जात होती, आणि आमच्या मासिक हिशेबात त्यांना जागाच नव्हती.

त्या चौदांपैकी खरोखर अनपेक्षित एकच होती: नळाचा जोड फुटून भिंत खराब झाली ती. बाकीच्या तेरांपैकी निम्म्यांची तारीखसुद्धा छापील होती. आम्ही ज्याला वर्षभर ‘अचानक’ म्हणत होतो, ते दरवर्षी ठरल्या वेळी येत होतं.

मी नवऱ्याला उठवलं. तो डोळे चोळत पानं बघत राहिला आणि म्हणाला, “अगं, मग आपल्याला पगार कमी पडतोय असं नाही. आपण बारा महिन्यांचा हिशेब दहा महिन्यांच्या पैशात बसवतोय.” माझ्या मते आमच्या घरातलं त्या वर्षातलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य हेच.

१९२ भागिले १२, म्हणजे १६. दर महिन्याला १६ बाजूला काढायचे. त्यासाठी वेगळं बचत खातं उघडलं, त्याचं डेबिट कार्ड घेतलंच नाही, आणि पगाराच्या दुसऱ्याच दिवशी पैसे आपोआप तिकडे वळतील अशी सूचना बँकेला देऊन ठेवली. महिनाअखेर उरतील ते टाकू, हा प्रयोग आधी करून झाला होता. काही उरत नसे.

अडचण पहिल्याच वर्षी येते, आणि ती कोणी सांगत नाही. खातं शून्यापासून सुरू होतं, पण फी काही बारा महिने थांबत नाही. आमची फी चौथ्या महिन्यात होती आणि तेव्हा खात्यात जेमतेम तिच्या निम्मे पैसे असणार होते. मी शाळेच्या कार्यालयात जाऊन तीन हप्ते करून मागितले. जाताना पाय जड झाले होते. समोरच्या बाईंनी अर्ज लिहायला कागद दिला आणि दहा मिनिटांत काम झालं. इतकी वर्षं आम्ही विचारलंच नव्हतं. शिवाय घरात दोन वाहनं होती, त्यातलं एक विकलं. त्याबरोबर त्याचा विमा, सर्व्हिसिंग, टायर हेही यादीतून गेलं, आणि त्या पैशांनी पहिलं वर्ष निभावलं.

आता कार्डाबद्दल, कारण खरी गळती तिथे होती. उधारी १९० वर गेली होती. बिलावर ‘किमान देय रक्कम’ छापलेली असते, तेवढी आम्ही न चुकता भरायचो आणि स्वतःला शिस्तीचे समजायचो. आमच्या कार्डाचं व्याज महिन्याला ३ टक्के होतं. ऐकायला कमी वाटतं. पण व्याजावर व्याज चढत गेलं की वर्षाचं ते ४२ टक्क्यांच्या वर जातं. किमान रक्कम होती थकबाकीच्या ५ टक्के. मी वहीत महिन्यामागून महिना मांडत गेले: आधी ३ टक्के वाढ, मग ५ टक्के घट. नवीन काहीही न घेता फक्त किमान रक्कम भरत राहिलं असतं, तर उधारी निम्मी व्हायलाच ३२ महिने लागले असते. त्यात मागची थकबाकी असताना त्याच कार्डावर काही घेतलं, तर त्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासूनच व्याज लागतं. हे बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं. मी ते तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

आणि याच काळात आमची ४० ची मुदत ठेव बँकेत होती, ७ टक्क्यांनी.

ती मोडायला नवरा तयार होईना. त्याच्या आईंनी आयुष्यभर शिकवलं होतं की ठेवीला हात लावायचा नाही. मी आईंनाच वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही आकडे शांतपणे वाचले आणि मुलाला म्हणाल्या, “अरे, सात मिळवायला बेचाळीस देतोयस? मोड ती.” मुदतीआधी मोडल्याबद्दल थोडं व्याज कापलं गेलं, तरी उधारी १५० वर आली. कार्ड कपाटात आतल्या बाजूला ठेवलं आणि दर महिन्याला ११ भरायला सुरुवात केली. पहिल्या हप्त्यातले साडेचार व्याजातच गेले. सातव्या-आठव्या महिन्यापासून व्याजाचा वाटा कमी होताना स्पष्ट दिसायला लागला, आणि मला बिलाची वाट बघावीशी वाटू लागली.

१०० मधले २८ घराच्या हप्त्याला, १६ वर्षाच्या खात्यात, ११ कार्डाला. रोजच्या जगण्याला उरले ४५. ते कसे बसवले हे सगळं सांगत नाही, प्रत्येक घराचं वेगळं असतं. न वापरता दरमहा चालू राहिलेल्या तीन वर्गण्या बंद केल्या, मोबाईलचा प्लॅन लहान केला, बाहेरून मागवणं आठवड्यावरून महिन्यावर आणलं.

एका गोष्टीवर मात्र आम्ही अडून राहिलो. मुलीचा चित्रकलेचा वर्ग बंद करायचा विषय निघाला होता. त्याच सुमारास मी जपानी ‘काकेइबो’बद्दल वाचलं. हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये घरोघरच्या गृहिणींसाठी जमाखर्चाची वही काढली, तिथून ही पद्धत रुजली. आज ती ज्या रूपात सांगितली जाते त्यात खर्चाचे चार कप्पे असतात: गरजेचं, हौसेचं, संस्कृतीचं आणि अनपेक्षित. पुस्तकं, कला, शिकणं यांना तिथे स्वतःचा कप्पा आहे. हौसेत ढकलून दिलं की अशा गोष्टी पहिल्या झटक्यात कापल्या जातात, हे मी माझ्याच हातांनी करायला निघाले होते. मी वहीत चार रकाने आखले आणि वर्ग तिसऱ्यात लिहिला. तो चालू राहिला. ग्रंथालयाचं सभासदत्वही आम्ही त्याच रकान्यातून घेतलं, आणि कमी पैशातल्या त्या वर्षांत आमच्या घरात जेवढं वाचन झालं तेवढं आधी कधी झालं नव्हतं.

चौथा रकाना पहिले सहा महिने रिकामा होता. सातव्या महिन्यात माझी दाढ इतकी ठणकली की रात्रभर झोप नाही. रूट कॅनाल आणि वर कॅप. वर्षाच्या खात्यातून उचल घ्यावी लागली आणि पुढचे दोन महिने ४५ मधून कापून ती भरली. वही उघडून मी चौथ्या रकान्यात ‘दात’ लिहिलं. मग आठवलं, दोन वर्षांपूर्वी दंतवैद्यांनी हीच दाढ दाखवून सांगितलं होतं की कीड लहान आहे तोवर भरून घ्या. मी ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणाले होते. तेव्हा सिमेंट भरायचा खर्च आत्ताच्या मानाने अगदी किरकोळ होता. मी ‘दात’ खोडलं आणि लाल यादीत पंधरावी ओळ लिहिली: तिघांची दंततपासणी, वर्षातून एकदा.

कार्डाचा शेवटचा हप्ता अठराव्या महिन्यात गेला. कार्डाच्या हप्त्यासाठी बँकेला दिलेली सूचना मी रद्द केली नाही, फक्त पैसे जातात ते खातं बदललं. त्याच तारखेला तेच ११ आता आमच्या अडीअडचणीच्या खात्यात पडतात. तिथे तीन महिन्यांचा खर्च जमवायचा आहे. या महिन्याअखेर एका महिन्याचा पूर्ण झालाय आणि दुसऱ्याचा जवळजवळ अर्धा.