तुम्ही विचारलंत म्हणून: जानी फितूर का नाही

पॅरिस ऑलिंपिक झाल्यापासून व्हॉलीबॉलचा विषय निघाला की कुणीतरी डिवचतंच, "तुमच्या आंद्रेआ जानीने शेवटी स्वतःच्याच देशाला पाडलं ना?" हो, पाडलं, एकेकाळी इटलीकडून खेळलेल्या जानीने. २०२४ च्या उपांत्य फेरीत, फ्रान्सचा कोच म्हणून, सरळ तीन सेटमध्ये. इटलीचा कोच होता दे जॉर्जी, खेळाडू म्हणून जिंकलेल्या तिन्ही जागतिक विजेतेपदांतला जानीचा जोडीदार. आणि २०१५ च्या युरोपियन स्पर्धेत स्लोव्हेनियाचा कोच म्हणून जानीने इटलीलाच हरवलं, तेव्हा कुठे होतात? तेव्हा कौतुक चाललं होतं.

वेलास्को जन्माने अर्जेंटिनाचा. त्याने कोच म्हणून १९९० आणि १९९४ ला इटलीला जगज्जेतं केलं, त्याला कुणी फितूर म्हटलं नाही. जानी मात्र इटलीसाठी ४७४ सामने खेळूनही देणेकरीच! काय राहिलं द्यायचं? तुम्ही म्हणणार, ऑलिंपिकचं सुवर्ण.

बरं, अटलांटाचंच बोलू. ४ ऑगस्ट १९९६, ऑलिंपिकचा अंतिम सामना, समोर नेदरलँड्स. १९९२ ला बार्सिलोनात उपांत्यपूर्व फेरीत नडले होते तेच. मी तो सामना फार उशिरा पाहिला, निकाल ठाऊक असताना, तरी पाचवा सेट आला की बसवत नाही. पहिले चार सेट जुन्या नियमाचे, सर्व्हिस आपली असेल तरच पॉइंट, म्हणजे चूक झाली तरी सावरायला वाव. पाचव्यात सर्व्हिस कुणाचीही असो, प्रत्येक रॅलीला पॉइंट. इटलीने आपले दोन्ही सेट १५-९ ने घेतलेले, गमावलेले दोन १२-१५ आणि १४-१६, आणि शेवट १५-१७. बेरीज करून बघा, इटलीचे ७१, डचांचे ६६. रौप्य इटलीला.

पॅरिसमध्ये जानीच्या फ्रान्सने सुवर्ण जिंकल्यावर काही दिवस मीही 'हिशेब चुकता झाला' म्हणत फिरत होतो. आता तसं छातीठोक म्हणवत नाही. ऑलिंपिकमध्ये कोचच्या गळ्यात पदक पडत नाही, सुवर्ण खेळाडूंचं. शिवाय फ्रान्सचा तो संघ आधीच्या टोकियो ऑलिंपिकमध्येच जिंकलेला, तयार हाती आला, हा तुमचा टोमणा अगदीच खोटा नाही. पण उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीविरुद्ध ०-२ मागे पडल्यावर ३-२ ने सामना काढला, तोही तयार मिळाला होता? आणि त्याच जर्मनीला २०१७ ला युरोपियन रौप्यापर्यंत नेणारा कोण? जानीच.

फ्रान्सच्या सुवर्णाच्या दुसऱ्याच दिवशी इटलीच्या महिलांनी देशाचं व्हॉलीबॉलमधलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण आणलं. कोच वेलास्को. आता ते कुणाच्या खात्यात टाकणार, तुम्हीच ठरवा.

राहता राहिलं, त्या उपांत्य फेरीत मी कुणाच्या बाजूने होतो. तिसरा सेट संपेपर्यंत, इटलीच्या.