तुम्ही विचारलंत म्हणून: लाखांचं टर्नटेबल आणि अर्धा मिलिमीटर

घरी कोणी आलं आणि कोपऱ्यातलं टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, फिरताना दिसलं की चहा संपायच्या आत प्रश्न येतोच, "ती लाखालाखांची टर्नटेबलं असतात म्हणे, खरंच तेवढा फरक पडतो का हो?" दरवेळी थोडक्यात सांगायला जातो आणि चहा गार होतो, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

फरक पडतो, पण तो बहुतेक सगळा खालच्या पायऱ्यांवर. ते सूटकेससारखे दिसणारे रंगीत प्लेअर असतात ना, त्यांची सुई रेकॉर्डवर 5-6 ग्रॅमचा भार टाकते, चांगल्या कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या डबीला) 2 ग्रॅमच्या आसपास पुरतात, तर तिथून उठून 40-50 हजारांच्या धड टर्नटेबलवर या, मोटरची घरघर जाते, तार सप्तक चिरकत नाही, कोणाच्याही कानाला कळतं. हा खर्च डोळे मिटून करा. लाखाच्या आसपास टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, आणखी बरा मिळतो, तेही ठीक. त्याच्या वर मात्र तुम्ही लोखंड-ॲल्युमिनियमच्या कारागिरीचे पैसे देताय असं माझं मत, आणि ती कारागिरी काही खोटी नसते.

स्कॉटलंडच्या लिन कंपनीचं एलपी12 हे टर्नटेबल घ्या. 1973 पासून चालत आलेलं मॉडेल. पन्नाशी झाली म्हणून 2023 ला त्यांनी खास आवृत्ती काढली, डिझाइनला आयफोनवाला जोनी आईव्ह, नग फक्त 250, किंमत 50 हजार पौंड, म्हणजे आपले पन्नास लाखांच्या वर! दिसतं देखणं, नुसतं बघायला मिळालं तरी मी अर्धा तास हलणार नाही. या कंपनीचा पहिल्यापासूनचा मुद्दा असा की खाचेतून जे उचललंच गेलं नाही ते पुढे ॲम्प्लिफायर आणि स्पीकर कितीही भारी असले तरी परत आणू शकत नाहीत. शंभर टक्के मान्य. पण मग हाच मुद्दा एक पाऊल मागे न्या ना, टर्नटेबलच्याही आधी रेकॉर्ड येते.

एका मित्राकडे असंच बऱ्याच लाखांचं आलं. आम्ही जमलो, दिवे मंद वगैरे, त्याने ख्यालाची जुनी एलपी रेकॉर्ड लावली, विलंबित सुरू झाला आणि तानपुरा डुलतोय. हलकासाच, पण गायिका षड्जावर थांबली की सूर लाटेवर बसल्यासारखा वर-खाली. मी वाकून टोनआर्मकडे बघितलं तर तो प्रत्येक फेऱ्याला डावी-उजवीकडे झुलत होता. रेकॉर्डचं भोक मध्यावर नव्हतं, बस.

आता हिशोब बघा. भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं असेल आणि सुई मध्यापासून 10 सेंटिमीटरवर असेल तर वेग अर्धा टक्का इकडे, अर्धा टक्का तिकडे होतो, आणि मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या गतीने हे दर 1.8 सेकंदांनी. 1979 च्या टेक्निक्स एसएल-1200 एमके2 या टर्नटेबलचा वेगातला चढउतार कागदावर 0.025 टक्के आहे. मोजायच्या पद्धती वेगळ्या आहेत हे धरलं तरी कुठे ते आणि कुठे अर्धा टक्का! फिल्मी गाण्यात, ढोलक-व्हायोलिनच्या गर्दीत हे खपून जातं, आपल्या लांब ठेवलेल्या स्वरात नाही खपत. जपानच्या नाकामिचीने 80च्या दशकात रेकॉर्ड स्वतःच सरकवून मध्यावर आणणारं टर्नटेबल काढलं होतं, पण ते काही रुळलं नाही, आणि आजची बहुतेक महागडी टर्नटेबलं या भानगडीत पडतच नाहीत.

वर आपल्याकडे पावसाळा. कव्हरला बुरशी, खाचेत बुरशी, ती सुई 50 लाखांची असो की 2 हजारांची, कडकड करणारच. म्हणून मला विचाराल तर मधल्या किमतीचं टर्नटेबल, वेळेवर बदललेली सुई, रेकॉर्ड धुवायचं साधं मशीन, आणि उरलेल्या पैशांत चांगल्या अवस्थेतल्या एलपी. शौक म्हणून महागडं घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, लोक घड्याळं घेतातच की, फक्त कानाचं नाव पुढे करू नका.

मित्राने टर्नटेबल विकलेलं नाही. परवा त्याचा फोन आला, भोक मोठं करून रेकॉर्ड हाताने मध्यावर बसवायची म्हणतोय, तर बारीक गोल कानस कुठे मिळेल. हार्डवेअरच्या दुकानात, म्हटलं, शंभर-दीडशेला.