बाणकोट, हर्णै, गिरगाव : पाद्री विल्सन यांच्या मागावर

बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडली आणि वेसवीवरून बाणकोटला पोचलो. बहुतेक लोक इथे येतात ते किल्ला पाहायला. मी आलो होतो एका स्कॉटिश पाद्र्यासाठी. जॉन विल्सन १८२९ च्या फेब्रुवारीत पत्नी मार्गारेटसह मुंबईला उतरले आणि मराठी शिकायला बाणकोट-हर्णैला येऊन राहिले. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव ऐन रंगात होता. तो गलका ऐकत राहिलो. असली रोखठोक मराठी कानावर घेतलेला माणूस वर्ष सरायच्या आत मुंबईत मराठीतून प्रवचन करू लागला, याचं मग फारसं नवल वाटेना.

मुंबईत मुक्काम गिरगावात. चौपाटीसमोरची विल्सन कॉलेजची देखणी गॉथिक इमारत १८८९ ची. विल्सन वारले १८७५ मध्ये, याच शहरात. ती त्यांनी पाहिलीच नाही. १८२९ पासूनची ती सेहेचाळीस वर्षं सोपी नव्हती. मोरभट दांडेकरांशी त्यांचा जाहीर वाद झाला. दांडेकरांनी हिंदू धर्माच्या बाजूने पुस्तक छापलं, विल्सननी १८३२ मध्ये त्याला छापील उत्तर दिलं. आपल्या धर्माविषयीचे त्यांचे निष्कर्ष मला मुळीच पटत नाहीत. पण समोरच्याचे ग्रंथ वाचून, त्याच्याशी चारचौघांत वाद घालायची त्यांची तयारी मला मोलाची वाटते. १८३९ मध्ये पारशी तरुणांच्या बाप्तिस्म्यावरून प्रकरण कोर्टात गेलं, पालकांनी विल्सन यांच्या शाळेतून मुलं काढून घेतली. १८४३ मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटलं. विल्सन वेगळ्या झालेल्या फ्री चर्चबरोबर गेले, तशी त्यांच्या शिक्षणसंस्थेची इमारतही हातची गेली. पुन्हा सगळं उभं केलं. पुढे हाच माणूस मुंबई विद्यापीठाचा कुलगुरू झाला! गिरनारच्या अशोकलेखाचा कापडावर घेतलेला ठसा कलकत्त्याला ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपकडे पोचला, तोही विल्सन यांच्यामार्फत.

कॉलेजवरून गावदेवीत चालत गेलो, सेंट कोलंबा शाळेपाशी. मुलींची ही शाळा मार्गारेट यांनी १८३२ मध्ये सुरू केली. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांची पुण्यातली शाळा १८४८ ची, म्हणजे त्यानंतर सोळा वर्षांनी. मार्गारेट १८३५ मध्येच वारल्या. या शहराने त्यांना जेमतेम सहा वर्षं दिली, आणि तेवढ्यात त्यांनी मुलींच्या कितीतरी शाळा काढल्या. शाळा सुटली होती, दप्तरं पाठीवर टाकून मुली फाटकातून बाहेर पडत होत्या. चौपाटीवरच्या कॉलेजला नवऱ्याचं नाव आहे. या शाळेच्या पाटीवर मार्गारेट विल्सन हे नाव मोठ्या अक्षरांत असावं, असं मला मनापासून वाटतं.